घेराव चुकीच्या खुर्चीला

महोदय,

खरीप तोंडावर आला की आपल्या दैनिकात एक छायाचित्र हमखास येतं. टेबलाच्या एका बाजूला घाम पुसणारा शाखा व्यवस्थापक, दुसऱ्या बाजूला आवाज चढवलेले कार्यकर्ते, मध्ये अर्जांचा गठ्ठा, आणि खाली ओळ: ‘पीककर्जास टाळाटाळ, बँक व्यवस्थापकास घेराव’. यंदा जोडीला चौकटही होती, सिबिल, म्हणजे जुन्या कर्जफेडीवरून मिळणारे गुण, मागणाऱ्या व्यवस्थापकांवर गुन्हे दाखल करण्याच्या इशाऱ्याची. बातमी खोटी नाही. शेतकरी हेलपाटे घालतो हे खरं आणि त्याला वेळेवर कर्ज मिळत नाही हेही खरं. पण वाचणाऱ्याला असं वाटतं की त्या खुर्चीतल्या माणसाने मनात आणलं असतं तर काम झालं असतं. मी त्या खुर्चीत बसलेली आहे. तिला तो अधिकार आता उरलेला नाही. तो कुठे गेला, कुणी नेला, हे आपल्या पानांवर कधी येत नाही म्हणून हे पत्र. पत्र लांबलं आहे. कापायचंच झालं तर स्वीडनचा परिच्छेद कापा, बँक मित्राचा ठेवा.

मी बीएसआरबीची परीक्षा देऊन एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून-रोखपाल म्हणून लागले आणि शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. बीड, धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद), नांदेड आणि शेवटी लातूर असा प्रवास. मध्ये रिजनल ऑफिसच्या कर्ज विभागातही बसले, म्हणजे फाइल वर पाठवणारी आणि वर आलेली फाइल परत करणारी, अशा दोन्ही बाजू पाहिल्या.

पूर्वीची रचना सांगते. प्रत्येक व्यवस्थापकाला त्याच्या स्केलप्रमाणे (पदाच्या श्रेणीप्रमाणे) मंजुरीची मर्यादा असायची. रक्कम फार मोठी नव्हती, पण त्या मर्यादेच्या आत निर्णय त्याचा. अर्ज घ्यायचा, कृषी अधिकाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून रान बघून यायचं, विहिरीत डोकवायचं, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायचे आणि सही करायची. मर्यादेच्या वरचं प्रकरण रिजनलला, त्याहून मोठं झोनलला, फारच मोठं असेल तर हेड ऑफिसला आणि शेवटी संचालक मंडळापुढे. रकमेप्रमाणे पायरी चढायची. पिठाच्या गिरणीचं कर्ज मुंबईला जात नसे.

आता गिरणीचं कर्जही शाखेत ठरत नाही. शाखा अर्ज ‘लॉगइन’ करते, कागद स्कॅन करते, आणि प्रकरण जिल्ह्याच्या किंवा त्याहून लांबच्या ठिकाणी असलेल्या प्रोसेसिंग सेंटरला जातं. प्रत्येक बँकेत त्या सेंटरचं नाव वेगळं आणि रकमेची रेघही वेगळी. पीककर्ज काही बँकांनी अजून शाखेकडे ठेवलं आहे, पण तिथेही संगणकाने हिरवा कंदील दाखवल्याशिवाय खातं उघडत नाही. आपले वार्ताहर ‘व्यवस्थापकाने सिबिलची अट घातली’ असं लिहितात. अट व्यवस्थापक घालत नाही. ती पडद्यावरच्या रकान्यात बसवलेली असते आणि रकाना रिकामा ठेवून पुढचं पान उघडत नाही. सरकार राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना तंबी देतं, बँकांचे वरिष्ठ माना डोलावतात, आणि रकाना तसाच राहतो. मग गुन्हा कुणावर दाखल करायचा? जो समोर सापडतो त्याच्यावर.

माझ्या शेवटच्या शाखेतलं एक प्रकरण सांगते. बचत गटातली एक बाई शेवयांच्या यंत्रासाठी ऐंशी हजार मागायला आली. गटाची दोन कर्जं तिने सगळ्यांच्या बरोबर वेळेत फेडलेली. गावात उन्हाळी कामांना तिच्याकडेच रांग लागायची, हाताच्या यंत्रावर. माघ महिना होता. फाल्गुनात यंत्र बसलं असतं तर चैत्र-वैशाखात तिचा सगळा हंगाम हाती लागला असता. मी प्रकरण शिफारशीसह पाठवलं. पाच-सहा दिवसांनी उत्तर आलं: नामंजूर. सेंटरला फोन केला.

“मॅडम, सहकर्जदाराच्या नावावर रेड येतंय.”

सहकर्जदार म्हणजे तिचा नवरा. त्याने कधीतरी हप्त्यावर मोबाइल घेतला होता, शेवटचे काही शे रुपये राहिले होते. मी म्हटलं, “अहो, ती रक्कम आजच्या आज भरून घेते. आणि धंदा ती करणार आहे. तिला मी ओळखते.”

“ओळखीसाठी कॉलम नाही ना मॅडम.”

मुलगा उद्धट नव्हता. नुकताच लागलेला, परराज्यातला, दिवसाला तीस-चाळीस प्रकरणं निकाली काढायचं टार्गेट, आणि त्याने आमचा तालुका नकाशावर तरी पाहिला होता की नाही कोण जाणे. भाषेवरून अलीकडे अशा पोरांना गाठून जाब विचारला जातो, त्याचेही फोटो आपण छापता. मराठी यायला हवं हे मान्यच, त्याशिवाय शाखेत काम होत नाही. पण त्या पोराला उत्तम मराठी येत असतं तरी त्या दिवशी त्याने तेच उत्तर दिलं असतं.

मोबाइलची बाकी भरली, तरी नोंद पुसायला लागणारा वेळ लागलाच. हंगाम चालला होता. शेवटी त्या बाईने आईकडचं गंठण आणलं. आमच्या पॅनेलवरच्या सोनाराने कस लावला, वजन केलं, आणि अर्ध्या तासात त्याच शाखेत, माझ्याच सहीने, सोनेतारण कर्ज तिच्या खात्यावर जमा झालं. तीच बाई, तेवढीच रक्कम, तोच धंदा. सोन्याच्या बाबतीत माझी सही चालली, माणसाच्या बाबतीत चालली नाही. ग्रामीण शाखांमध्ये सोनेतारण एवढं का फोफावलं, असं आपण मागे विचारलं होतं. त्याचं एक कारण हे आहे: झटपट हो म्हणायला शाखेच्या हातात दुसरं फारसं काही राहिलेलं नाही. ज्याच्या घरात गुंजभरही सोनं नाही त्याला मग आठवड्याच्या वसुलीवाले फायनान्स आहेतच, ते दारात येतात.

अधिकार वर गेला तसं उत्तरदायित्वही वर गेलं असतं तर माझी तक्रार नव्हती. ते खालीच राहिलं. सेंटरने मंजूर केलेलं कर्ज थकलं की वसुलीला शाखेने जायचं. वाटपानंतरची पाहणी शाखेची, कागदांवर सह्या घेणं शाखेचं, आणि खातं एनपीएत, म्हणजे थकीत खात्यांत, गेलं की पहिला मेमो शाखा व्यवस्थापकाला. रिजनल ऑफिसची संध्याकाळची व्हीसी (व्हिडिओवरची बैठक) असते. तिथे विचारलं जातं, “तुमच्या शाखेचा एनपीए का वाढला?” “मंजुरी माझी नव्हती” हे उत्तर त्या पडद्यावर चालत नाही. कितीतरी सहकाऱ्यांना निवृत्तीच्या तोंडावर चार्जशीट मिळालेली पाहिली आहे आणि त्यातल्या बऱ्याच प्रकरणांत मंजुरीच्या कागदावर त्यांचं नावही नव्हतं. अशा ठिकाणी माणूस काय शिकतो? अर्ज घ्यायचाच टाळायला. ‘उद्या या’, ‘आठ-अ नवीन आणा’, ‘दुसऱ्या बँकेचा बेबाकी दाखला आणा’. शेतकऱ्याला जी टाळाटाळ दिसते तिचा उगम इथे आहे. हो म्हटलं तर पुढे चौकशी होऊ शकते, अर्जच दाखल झाला नाही तर कसलाच धोका नाही.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर जुने सहकारी म्हणतील बाई आठवणींत रमल्या. शाखेकडून अधिकार काढून घेतले गेले त्याला कारणं होती आणि ती सगळी खोटी नव्हती. आयआरडीपीच्या, म्हणजे गरिबांना अनुदानासह कर्ज देणाऱ्या सरकारी योजनेच्या, काळात एकच म्हैस तीन-चार कर्जांना दाखवली जायची, कानातला बिल्ला तेवढा बदलायचा. कर्ज मेळाव्यांत मांडवातच मंजुऱ्या वाटल्या गेल्या. ट्रॅक्टर डीलर आणि व्यवस्थापक यांचं साटंलोटं असलेल्या शाखा सगळ्या जिल्ह्याला माहीत असायच्या. ज्याची गावात पत त्यालाच कर्ज, पारधी वस्तीवरच्या माणसाला व्यवस्थापक केबिनमध्ये उभंही करायचा नाही, हेही मी पाहिलं. संगणकाला जात दिसत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. शिवाय कोअर बँकिंग आल्यावर सगळी खाती एका ठिकाणाहून दिसायला लागली, तेव्हा निर्णयही एका ठिकाणाहून घ्यावेत असं वरच्यांना वाटणं ओघानेच आलं.

पण बँका बुडायची वेळ कुणामुळे आली ते आकड्यांत बघा. मार्च २०१८ मध्ये देशातल्या बँकांची थकीत कर्जं एकूण कर्जांच्या ११ टक्क्यांच्या वर गेली होती, आणि त्यातला फार मोठा वाटा ५ कोटींहून मोठ्या कर्जदारांचा होता. ती कर्जं कुठल्या खेड्यातल्या व्यवस्थापकाने दिली नव्हती. पोलाद, वीज, रस्ते, विमान कंपन्या. सगळं समित्यांनी, अनेक बँकांनी मिळून, संचालक मंडळाच्या ठरावाने दिलेलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतला हजारो कोटींचा घोटाळा बाहेर आला. तो शाखेतला होता हे खरं. पण हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून जात होते आणि स्विफ्ट कोअर बँकिंगला जोडलेलंच नव्हतं. वर्षानुवर्षं ते वरच्या कुणाच्या नजरेला आलं नाही. म्हणजे तिथे चुकली ती वरून ठेवायची नजर. त्याचा दंड म्हणून औसा-निलंग्याकडच्या शाखेची शेवयांच्या यंत्रापुरती सही काढून घेण्याचं कारण मला अजून कळलेलं नाही.

आता शाखेत माणसं कोण आहेत ते बघा, कारण अधिकाराची गोष्ट आणि माणसांच्या रचनेची गोष्ट एकच आहे. मी लागले तेव्हा ग्रामीण शाखेतही व्यवस्थापक, एक-दोन अधिकारी, कृषी अधिकारी, चार-पाच कारकून, दफ्तरी, शिपाई असा परिवार असायचा, आणि सगळे बँकेच्या हजेरीपटावर. आता व्यवस्थापक, एखादा अधिकारी, एखादा कारकून. कृषी अधिकारी तीन-चार शाखांत मिळून एक आणि तोही विम्याच्या पॉलिसीच्या टार्गेटला जुंपलेला. शिपाई निवृत्त झाला की जागा भरायची नाही. रखवालदार एजन्सीचा, झाडलोट कंत्राटावर, एटीएममध्ये पैसे भरणारे तिसऱ्याच कंपनीचे, कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेली मुलगी विमा कंपनीची. हल्ली वर्षभराच्या स्टायपेंडवर अप्रेंटिसही येतात. काउंटरवर काम सगळं करतात आणि शिकून तयार झाले की वर्ष संपतं. गावकऱ्याला ही सगळी ‘बँकेची माणसं’च वाटतात. प्रत्यक्षात त्यातल्या निम्म्यांचा पगार बँक देत नाही आणि त्यांच्याकडून काही विचारूनही घेत नाही.

यात सगळ्यात खाली आणि गावाच्या सगळ्यात जवळ आहे बँक मित्र. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये परवानगी दिली, २०१४ च्या जनधन मोहिमेनंतर गावोगावी दिसायला लागला. निराधारांचं अनुदान, पीएम किसानचे पैसे, मजुरी. खेड्यातली बाई आज शाखेत येत नाही, त्याच्या मशीनवर अंगठा लावते. तो बँकेचा नोकर नाही. बँकेने एका मोठ्या कंपनीला कंत्राट दिलेलं, कंपनीने त्याला नेमलेलं. त्याला व्यवहारामागे कमिशन, त्यातला वाटा आधी कंपनीचा. काउंटरला लागणारी रोकड स्वतःच्या खिशातून फिरवायची. कमिशन दोन-दोन महिने अडकलं की तो माझ्याकडे यायचा आणि मी सांगायचे, बाबा, तुझी तक्रार कंपनीकडे कर. कंपनीचा नंबर लागायचा नाही.

पण गावाची माहिती विचाराल तर ती त्याच्याकडे. कुणाची बोअर आटली, कुणाच्या घरात वाटण्या झाल्या, कोण मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर गेलंय, कुणाचा मुलगा पुण्याला कंपनीत लागलाय आणि दर महिन्याला पैसे पाठवतोय. जुन्या कृषी अधिकाऱ्याच्या डोक्यात जे असायचं ते सगळं आता या पोराच्या डोक्यात आहे. बँकेने ते कधी विचारलं नाही. कर्जाच्या अर्जावर त्याच्या शेऱ्याला जागा नाही. थकबाकीची यादी मात्र त्याच्या हातात देतात: जा, दारोदार फिर, वसुलीवर टक्केवारी घे. ज्या कर्जावर त्याला कुणी एक शब्द विचारला नाही त्याच्या वसुलीसाठी त्याने आपल्या भावकीच्या दारात उभं राहायचं. त्याच्या पदरचं बँकेने दोनदा वापरलं, एकदा रोकड आणि एकदा गावातला शब्द, आणि दोन्हींचा मोबदला कमिशनच्या तक्त्यात नाही.

ऊसतोडीचं उदाहरण याच ओघात देते, कारण त्याने मला कायम चिडवलं आहे. बीड जिल्ह्यातली माणसं दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांवर जातात आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं की, मार्च-एप्रिलमध्ये, परत येतात. अशा घरातल्या कुणी शेळ्यांसाठी किंवा किराणा दुकानासाठी मुद्रा योजनेतून पन्नास हजारांच्या आतलं, शिशु गटातलं कर्ज घेतलं तर हप्ता कसा बांधायचा? मी व्यवस्थापक म्हणून पूर्वी सरळ लिहायचे: हप्ते उन्हाळ्यात, परत आल्यावर. आता कर्जाचा साचा वरून येतो. हप्ता महिन्याचा, तारीख ठरलेली. घराला कुलूप, म्हातारी तेवढी गावात, हप्ता चुकतो. ९० दिवस झाले की संगणक आपोआप खातं एनपीए करतो. म्हणजे फडावरून माणूस पैसे घेऊन परत येण्याच्या आधीच त्याचं नाव खराब झालेलं असतं. तो एप्रिलमध्ये सगळी बाकी एकदम भरतो आणि पुढच्या वर्षी त्याच्या नावापुढे रेड येतं. महिन्याच्या हप्त्याचा तो साचा ज्यांनी बसवला ते वाईट लोक नाहीत, त्यांच्या डोळ्यांसमोर पगारदार माणूस होता एवढंच. पण तो साचा बदला असं सांगायला खालून वर जाणारा रस्ता नाही. मी दोनदा लिहिलं. एकदा पोच आली.

निर्णय खाली ठेवला तर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच गावांत आहे. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० बचत गटांपासून बँक जोडणीचा प्रयोग सुरू केला. त्यात बँक कर्ज गटाला देते, आतलं कुणाला किती हे बैठकीत बायका ठरवतात. सतरंजीवर बसून, वही मध्ये ठेवून. मी अशा कितीतरी बैठकांना हजर राहिले आहे. “हिला आत्ता नको, तिच्या नवऱ्याने मागचे पैसे उडवले; तिच्या सासूच्या नावाने द्या” असा निर्णय कुठल्याही प्रोसेसिंग सेंटरला सुचणार नाही. माझ्या शाखांमध्ये गटांच्या कर्जाची वसुली कधी डोकेदुखी झाली नाही. गावातल्या विकास सोसायटीचंही मूळ हेच होतं. क. म. पत्रक, म्हणजे कुणाला किती पीककर्ज याचा तक्ता, गावात बनायचं, पंच कमिटीला प्रत्येकाचं रान माहीत. तिथे राजकारण शिरलं, कर्ज ‘नवं-जुनं’ करून कागदावर फिरवायची सवय लागली, जिल्हा बँका त्यात खचल्या, हे मी नाकारत नाही. बीड आणि धाराशिवकडच्या वाचकांना ते मी वेगळं सांगायला नको. पण सोसायटी बिघडली ती जवळच्या माणसाने ठरवल्यामुळे की ठरवणाऱ्याला जाब विचारायला कुणी नसल्यामुळे, हा प्रश्न सोडवायच्या आधीच आपण उत्तर ठरवून टाकलं.

स्वीडनचं सांगते आणि पुढे जाते. पुण्यातल्या एका प्रशिक्षणात आम्हाला हान्डेल्सबांकेन नावाच्या बँकेविषयी शिकवलं होतं. १९७० मध्ये यान वालान्डर हा अर्थतज्ज्ञ तिचा प्रमुख झाला. त्याने वार्षिक बजेट आणि त्यातून येणारी टार्गेटं बंद केली आणि कर्जाचा निर्णय शाखेकडे दिला. त्यांच्याकडे म्हण पडली, की चर्चच्या मनोऱ्यावरून जेवढा मुलूख दिसतो तेवढाच शाखेचा धंदा; त्या मुलखातल्या गिऱ्हाइकाचं शाखेने बघायचं. शाखा मोकाट सोडल्या असं नव्हे. प्रत्येक शाखेचा खर्च, नफा, बुडीत सगळ्यांना दिसायचं आणि शाखाशाखांची तुलना व्हायची. १९७३ पासून नफ्याचा एक हिस्सा कर्मचाऱ्यांच्या निधीत जायला लागला, आणि तो सगळ्यांना सारखा, साहेब असो की काउंटरवरची मुलगी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या बँका आडव्या झाल्या तेव्हा या बँकेने सरकारकडून पैसे घेतले नाहीत. अलीकडे त्यांनीही शाखा बऱ्याच कमी केल्या, काळ तिथेही बदलला आहे. पण ‘शाखेला अधिकार दिला की बँक बुडते’ हे आमच्या साहेबांचं पालुपद तिथे तरी खरं ठरलं नाही. वर्गात मी हे बोलले तेव्हा शिकवणारे गृहस्थ हसले आणि म्हणाले, “मॅडम, तिकडे लोकसंख्या किती?” चहाची सुटी झाली.

आणखी एक गोष्ट बहुतेक वाचकांना माहीत नसते. राष्ट्रीयीकरणाच्या १९७० च्या कायद्यातच लिहिलं आहे की सरकारी बँकेच्या संचालक मंडळावर एक प्रतिनिधी कामगार-कर्मचाऱ्यांचा आणि एक अधिकाऱ्यांचा असेल. व्यवस्थापनातल्या कामगार-सहभागाचं कलम राज्यघटनेत १९७६ मध्ये आलं, बँकांत ते आधीच होतं. आणि तरी या खुर्च्या सरकारी बँकांत वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवल्या गेल्या. संघटना पत्रं लिहीत राहिल्या. मी संघटनेच्या कामात फारशी नव्हते, आणि त्या खुर्चीत बसून काही प्रतिनिधींनी फक्त बदल्या सांभाळल्या हेही ऐकून आहे. तरीही महिन्याच्या हप्त्याचा साचा मंजूर होताना त्या टेबलावर ऊसतोडीचं गाव पाहिलेला एक माणूस असता, तर निदान त्याने एक प्रश्न विचारला असता.

मागणं मोठं नाही. एक लहान रक्कम ठरवा. त्या रकमेपर्यंत सेंटरने नाकारलेलं प्रकरण व्यवस्थापकाला लेखी कारण देऊन मंजूर करता यावं. वर्षाला अशा मंजुऱ्यांची कमाल मर्यादा असू द्या, आणि त्यातली किती थकली यावर पुढच्या वर्षीची मर्यादा वाढो किंवा घटो. ज्या व्यवस्थापकाने दलालांसाठी ती वापरली त्याची मर्यादा दोन वर्षांत शून्यावर येईल, आपोआप. मंजुरी ज्याची, पहिला मेमो त्याला. नाही म्हणणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि कारण नामंजुरीच्या पत्रावर मराठीत छापलेलं असावं. बँक मित्राच्या शेऱ्याला अर्जावर दोन ओळी द्या आणि त्या दोन ओळींचे पैसे द्या. हे सगळं आज आहे त्याच संगणकावर होऊ शकतं. संगणकाशी माझं वैर नाही, निवृत्तीनंतर पेन्शनची नोंद मीही मोबाइलवरच बघते.

आणि आपल्याकडून एक हवं आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांच्या सल्लागार समितीची बैठक दर तिमाहीला होते, आपले प्रतिनिधी तिची बातमी देतात. त्या बैठकीच्या तक्त्यात बँकनिहाय उद्दिष्ट असतं, वाटप असतं, टक्केवारी असते. नामंजूर अर्ज किती, आणि ते शाखेने नाकारले की सेंटरने की संगणकानेच, हे रकाने त्यात मी तरी पाहिले नाहीत. माहिती प्रत्येक बँकेच्या सिस्टिममध्ये पडून आहे, कारण प्रत्येक अर्जावर कुणाच्या लॉगइनमधून काय झालं याची नोंद मिनिटासकट राहते. अग्रणी बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणाऱ्या बँकेच्या, जिल्हा व्यवस्थापकांनी मागितली तर ती काढणं एका दुपारचं काम आहे. पुढच्या बैठकीला आपल्या प्रतिनिधीने जिल्हाधिकाऱ्यांना एवढंच विचारावं, की हे रकाने तक्त्यात कधीपासून येतील.

आपली,
एक निवृत्त शाखा व्यवस्थापक, लातूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, छापू नये ही विनंती.)